माया किती ठेवायची?

सुरुवात एका हत्तीपासून झाली. धाकट्याचा कापडी हत्ती, मागच्या पायापाशी शिलाई उसवली आणि आतला कापूस बाहेर यायला लागला. मी सुई-दोरा घेऊन बसलो (हो, मी शिवतो, आईच्या मशीनखाली चिंध्या गोळा करत लहानाचा मोठा झालोय, चालत्या मशीनच्या पट्ट्यात बोट घातल्याची खूणही आहे) आणि हा सहा वर्षांचा पोरगा शेजारी असा काही टक लावून बसला की मलाच अवघडल्यासारखं झालं. चार टाके झाल्यावर म्हणाला, "बाबा, एक मला दे ना." दिला. त्यानं सुई खुपसली, दुसऱ्या बाजूनं पकडली आणि ओढली, ओढतच राहिला, हात खांद्यामागे गेला तरी ओढतोय, शेवटी गाठ कापडातून आरपार सुटली आणि सगळा दोरा त्याच्या हातात. त्यानं एकदा दोऱ्याकडं बघितलं, एकदा हत्तीकडं आणि म्हणाला, "निघाला."

मोठी नऊ वर्षांची, ती लांबून हे सगळं बघून हसत होती पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली मलाही शिकव. सुट्टी लागली होती, दहा वर्षांचा भाचा राहायला आलेला, त्याला एकट्याला काय करमणार, म्हणून तो पण. आणि शेजारची एक अकरा वर्षांची मुलगी, ती खरं तर मोठीकडं खेळायला यायची, तिला कुणी विचारलंच नाही, ती सरळ येऊन बसली. म्हणजे चार पोरं, एक मी, रोज संध्याकाळी तासभर. मला वाटलं होतं आठवड्याभरात कंटाळतील. तसं काही झालं नाही, आणि या सगळ्यात मी काय काय चुका केल्या ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पहिली चूक म्हणजे मी सुरुवातच साध्या सुती कापडानं आणि बारीक सुईनं केली. आपल्याला सवय असते म्हणून कळत नाही, पण लहान मुलाला बारीक सुईच्या नेढ्यात दोरा ओवणं हाच एक वेगळा विषय आहे. पाऊण तास नुसतं ओवण्यात गेला. दोरा तोंडात घालून घालून ओला, टोक चपटं होऊन फाटलेलं, धाकटा एक डोळा मिटून जीभ बाहेर काढून बसलेला आणि सुई नेढ्यापासून बोटभर लांब. मग मी सगळ्यांचे ओवून दिले, तर पाच मिनिटांत सगळ्यांचे परत निघाले कारण टाका ओढताना दोऱ्याचं मोकळं टोक कुणी धरतच नाही. मग परत ओवा. मी शिंपी नसून ओवणीवाला झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सगळं बदललं. जाडी मोठ्या नेढ्याची बोथट टोकाची सुई आणली, लोकरीच्या किंवा कॅनव्हासच्या भरतकामाला असते ती, गोणपाटाचे तुकडे कापले, प्रत्येकाला भरतकामाच्या लाकडी रिंगमध्ये ताणून बसवून दिले आणि दोऱ्याऐवजी लोकर दिली. गोणपाटाची वीण इतकी मोकळी असते की भोकं आपोआप दिसतात, सुई कुठं घालायची हे सांगावं लागत नाही. धाकट्याला तर त्याच्याही आधी पुठ्ठ्याला पंचिंग मशीननं भोकं पाडून बुटाची लेस दिली होती, तो त्यातच दोन दिवस खूश होता.

ओवण्याच्या बाबतीत ज्या गोष्टी कामाला आल्या त्या अशा. टोक तिरपं कापायचं, बोथट कात्रीनं नाही, चांगल्या कात्रीनं. दोरा ओला करण्याऐवजी सुईचं नेढं ओलं करायचं, ऐकायला विचित्र वाटतं पण फरक पडतो. आणि दोरा नेढ्याकडं न्यायचा नाही, दोऱ्याचं टोक चिमटीत इतकं धरायचं की जेमतेम दिसेल आणि त्याच्यावर सुई आणायची. हे शेवटचं भाच्यानं शोधलं, मी नाही. दोऱ्याची लांबी बोटांपासून कोपरापर्यंत, त्यापेक्षा जास्त नाही. पोरांना लांब दोरा हवा असतो कारण परत ओवायला नको, आणि लांब दोरा म्हणजे गुंता, गुंता म्हणजे रडारड, हे गणित त्यांना दोनदा रडल्यावर पटलं. सहा वर्षांच्यासाठी मात्र मी दोरा दुहेरी घेऊन दोन्ही टोकांची एकच गाठ मारून द्यायचो, म्हणजे सुईतून निघण्याचा प्रश्नच नाही. दुहेरी दोरा जास्त गुंततो हे खरं, पण निघणं आणि गुंतणं यातलं एक निवडायचं तर मी गुंतणं निवडेन.

आता टाका. धावदोरा हा काही शिकवायचा प्रकार आहे असं मला वाटलंच नव्हतं. खाली, वर, खाली, वर, यात काय आहे? पण चारपैकी तिघांनी तीच चूक केली. सुई वरून खाली घातली, आणि मग खालून वर यायच्या ऐवजी रिंगच्या कडेवरून फिरवून परत वरूनच घातली. म्हणजे रिंगला लोकरीचे वेढे बसत गेले. मी "खालून, खालून" म्हणत होतो पण त्यांच्या दृष्टीनं ते खालूनच येत होते ना, सुई खाली होती, ती वर आणली, बास. मग मी धाकट्याला म्हटलं की सुई म्हणजे मासा आहे, कापड म्हणजे पाणी, मासा पाण्यात बुडाला तर तो पाण्यातूनच वर येणार, काठावरनं चालत येणार नाही. ते त्याला इतकं पटलं की नंतर कुणी चुकलं की तोच ओरडायचा, "मासा काठावर आला!"

आणि रिंगचा दुसरा प्रकार, जो बहुतेक प्रत्येकाकडं होत असणार. रिंग मांडीवर ठेवून शिवायचं, तल्लीन होऊन वीस मिनिटं शिवायचं, मग उठून दाखवायला जायचं आणि रिंग हाफपँटला शिवलेली. शेजारच्या मुलीचा फ्रॉक असा सहा टाक्यांनी गोणपाटाला जोडला गेला होता. तिला वाटलं मी रागावेन. मी म्हटलं, बघ तुझे टाके किती पक्के आलेत, सुटत नाहीयेत. ते खरंच सुटत नव्हते.

भाच्याची गोष्ट वेगळी. तो डावरा आहे हे मला माहीत होतं, पण शिवणाच्या बाबतीत त्याचा काय संबंध हे डोक्यातच आलं नाही. पहिले दोन दिवस मी त्याच्या शेजारी बसून दाखवत होतो आणि तो अगदी मन लावून माझ्यासारखं करायला बघत होता आणि प्रत्येक वेळी सुई त्याच्या स्वतःच्या हातावर आदळत होती. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडं शिवत जातो. डावऱ्याला डावीकडून उजवीकडं जायला पाहिजे. तो बिचारा उलट्या दिशेनं चालला होता आणि स्वतःलाच मठ्ठ समजायला लागला होता, "मामा, मला नाही जमणार हे" असं दोनदा म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी शेजारून उठून त्याच्यासमोर बसलो. आरशात बघतो तसं. माझा उजवा हात त्याच्या डाव्या हातासमोर. पाच मिनिटांत जमलं! खरंच पाच मिनिटं. मला स्वतःचीच लाज वाटली.

कात्रीचंही तसंच. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांवर दाबली जाण्याऐवजी फाकतात, कापड मध्ये दुमडतं, चावल्यासारखं होतं, शिवाय वरचं पातं आखलेल्या रेषेवरच येतं त्यामुळे रेषा दिसत नाही. आम्ही त्याला "हळू काप, नीट बघून काप" म्हणत होतो. तो बघणार काय, कप्पाळ! डावऱ्यांची कात्री वेगळी मिळते, पाती उलटी बसवलेली असतात, ती आणली आणि त्यानं पहिल्यांदा सरळ रेषेत कापड कापलं तेव्हा तो थांबून कात्रीकडंच बघत राहिला होता.

(कात्रीवरून आठवलं, कापडाची कात्री कागदाला लावायची नाही हा नियम मी पहिल्याच दिवशी सांगितला होता. तिला लाल रिबन बांधली होती. तरी एक दिवस तिनं पतंगाचा कागद कापला गेला. कुणी कापला ते आजपर्यंत कळलेलं नाही, चौघांचीही एकजूट आहे.)

सुयांचा हिशेब हा मात्र माझा एकमेव कडक नियम होता. बारा सुया काढायच्या, बारा परत ठेवायच्या, मोजल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एका संध्याकाळी अकराच भरल्या. सतरंजी झटकली, मी लोहचुंबक घेऊन फरशी पालथी घातली, पोरांचे कपडे, माझे कपडे, कुठं नाही. रात्र झाली, धाकटा हत्ती घेऊन झोपायला निघाला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या दिवशी त्यानं हत्तीला शेपटी लावली होती. हत्ती काढून घेतला, तो रडायला लागला, मी चुंबक हत्तीच्या अंगावरून फिरवलं तर पाठीवर टक्क करून चिकटलं. सुई आत होती, आख्खी. शेपटी लावताना गाठ मारून दोरा कापला आणि सुई आत ढकलली, कारण त्याच्या म्हणण्यानुसार, "दोरा लपवायचा असतो ना." दोऱ्याचं टोक कापडाच्या आत लपवून टाकायचं असतं हे मीच शिकवलं होतं. सुईसकट लपवायचं नसतं हे सांगायचं राहिलं होतं. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या सुईत दोरा नसला तरी लाल लोकरीचा तुकडा ओवलेला असतो, रिकामी सुई कुणाच्या हातात द्यायचीच नाही.

सुई टोचते का? टोचते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना टोचली, मग भीती गेली. अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटाला घालायची टोपी) दिलं होतं पण मोठ्यांच्या मापाचं बोटातून गळून पडायचं, मग मधल्या बोटाला कापडी चिकटपट्टी गुंडाळायचो. कापडावर रक्ताचा ठिपका पडला तर लगेच गार पाण्यानं धुवायचं, गरम पाणी घातलंत तर डाग बसलाच म्हणून समजा.

आता जी गोष्ट सांगायला एवढं लिहितोय ती. मोठीनं आईच्या वाढदिवसासाठी एक छोटी पिशवी करायला घेतली होती. निळं कापड, पांढरा दोरा, तिचाच हट्ट, म्हटलं निळा घे टाके दिसणार नाहीत, तर म्हणाली दिसायला पाहिजेत. हातानं उलटी टीप घालत होती, म्हणजे एक टाका पुढं आणि परत अर्धा मागं, ही धावदोऱ्यापेक्षा पक्की पण वेळखाऊ. तीन दिवस रोज थोडी थोडी. आणि टाके म्हणजे काय सांगू, एक तांदळाएवढा, एक बोराएवढा, मध्येच रेघ सोडून डोंगर चढून परत उतरलेले. मी तीन दिवस हात मागं बांधून बघत होतो. हात नुसते शिवशिवत होते.

वाढदिवसाच्या आदल्या रात्री पोरं झोपल्यावर मी ती पिशवी उचलली. खरं सांगतो, मनात काही वाईट नव्हतं. म्हटलं दोन-तीन ठिकाणी फारच सैल आहे, तिथून उसवेल, बिचारीचा हिरमोड होईल. तेवढंच नीट करतो. मग तेवढं नीट झाल्यावर बाजूचं जास्तच वाकडं दिसायला लागलं. असं करत करत एक आख्खी बाजू मी उसवून परत घातली, आणि वर शहाणपणा असा की तिच्यासारखेच थोडे लहान-मोठे टाके घातले, म्हणजे कळायला नको. स्वतःवरच खूश होऊन झोपलो.

सकाळी तिनं पिशवी हातात घेतली, उलटी केली, त्या बाजूवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे माझे टाके नाहीत."

मी म्हटलं, अगं तिथं थोडं सैल होतं. ती रडली-बिडली नाही, ते एक वेळ परवडलं असतं. तिनं एका जागेवर बोट ठेवलं. "इथं माझा एक मोठा टाका होता. तेव्हा दारावरची बेल वाजली होती ना, मी दचकले, तो टाका होता. तो कुठाय?"

काय उत्तर देणार. मी म्हटलं चुकलं माझं. तिनं माझी घातलेली सगळी बाजू उसवली, तोंड न धुता बसून परत स्वतः घातली, आधीपेक्षा वाकडी कारण घाई होती, आणि तशीच आईला दिली. त्यानंतर मी कुणाच्याही शिवणाला हात लावायचा असेल तर विचारतो. आणि शिकवताना माझ्या हातात माझा वेगळा तुकडा असतो, दाखवायचं ते माझ्या कापडावर दाखवतो, त्यांच्या कापडावर नाही. याचा एक फायदा म्हणजे माझ्या हातांना काम राहतं.

पिशव्यांवरून पुढचा मोठा अडसर आला तो उलट-सुलटचा. सुलट बाजू सुलट बाजूवर ठेवायची, उलटीकडून शिवायचं, मग फिरवून घ्यायचं. मोठ्या माणसांनाही हे पहिल्यांदा पचत नाही. पोरांचा प्रश्न साधा असतो, छान बाजू आत का लपवायची? मी समजावत बसलो नाही, मोजा काढला आणि उलटा केला, म्हटलं बघा शिलाई कुठं आहे. मग सगळ्यांनी घरातले सगळे मोजे, टी-शर्ट, उशीचे अभ्रे उलटे करून बघितले, घरभर उलटे कपडे. पण कळलं. तरी शेजारच्या मुलीनं उशी शिवताना चारही बाजू नीट पूर्ण शिवून टाकल्या, फिरवायला तोंडच ठेवलं नाही. ती इतकी नेटकी शिवते की तिचंच असं व्हावं याचं वाईट वाटलं. "काका, आता?" म्हणाली. आता उसव.

भाच्याची वेगळीच तऱ्हा. त्याला कंपासपेटीसाठी पाऊच करायचा होता. पेटीची रुंदी मोजली, १६ सेंटीमीटर, कापड कापलं बरोब्बर १६ सेंटीमीटर, पट्टी लावून, नव्या कात्रीनं, एक धागा इकडं-तिकडं नाही. शिवला, फिरवला, पेटी जाईना. ढकलतोय, दाबतोय, एक कोपरा आत जातो की दुसरा बाहेर. तो म्हणे पट्टी चुकीची आहे.

मी म्हटलं, माया ठेवली होतीस का?

"काय?"

शिलाईच्या बाहेर जे कापड सोडतात ना त्याला माया म्हणतात. दोन्ही बाजूंना एक-एक सेंटीमीटर शिलाईत गेलं की १६ चे उरले १४, वर पेटीला जाडी असते ती कुणी मोजायची? त्याला हिशेब लगेच कळला पण शब्दावर सगळेच अडकले. धाकटा म्हणाला माया म्हणजे लाड करतात ती ना. म्हटलं तीच. मग ती कपड्यात कशाला? मी म्हटलं पुढं अंग वाढलं, कपडा घट्ट झाला, तर उसवून सैल करता यावा म्हणून शिंपी जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतो, ती माया. शब्द तिथूनच आला की कुठून ते काही मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पोरांना तो इतका आवडला की नंतर महिनाभर "काका, माया किती ठेवू?", "तुझी माया कमी पडली", "बाबा, याची माया कापली गेली" असंच चालू होतं. घरात आलेल्या पाहुण्यांना हा नक्की काय प्रकार आहे कळायचा नाही.

कापडाचं एक शिकवायला मजा आली. एक चौकोनी तुकडा घ्यायचा, उभा ओढायचा, आडवा ओढायचा, मग तिरपा कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढायचा. उभा जवळजवळ हलत नाही, आडवा किंचित, आणि तिरपा, म्हणजे उरेब, रबरासारखा लांबतो. एकच कापड! धागे उभे-आडवे विणलेले असतात, तिरपं ओढलं की ते चौकोन कलंडतात, एवढंच आहे, पण पोरांना जादू वाटली. म्हणून गोल गळ्याला जी पट्टी लावतात ती उरेब कापतात, वळणावर बसते. याच्यावर धाकट्यानं रुमालाचा एक कोपरा ओढून ओढून रुमाल कायमचा वाकडा केला.

मशीनवर मी शेवटच्या तीन आठवड्यांत नेलं आणि फक्त मोठ्या तिघांना. धाकट्याला चाक फिरवायचं काम. मशीन विजेवरचं आहे, पायात पेडल, आणि मुलं पेडल म्हणजे एकतर दाबत नाहीत नाहीतर पूर्ण दाबतात. पेडलच्या खाली मधल्या फटीत भांडी घासायचा स्पंजचा तुकडा घातला, म्हणजे कितीही दाबलं तरी पेडल अर्ध्याच्या वर जाईना. आधी दोरा न ओवताच, वहीचा रेघी कागद फूटखाली (सुईपाशी कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) घालून रेघेवरून चालवायला दिलं. मग वळणाच्या रेघा, मग चौकोन. कोपऱ्यावर थांबायचं, सुई खाली रुतलेली ठेवायची, फूट उचलायचा, कागद फिरवायचा, फूट टाकायचा. हे "सुई खाली, फूट वर" त्यांनी कवायतीसारखं म्हणायला सुरुवात केली. कागदावर चालवलेली सुई बोथट होते, ती नंतर कापडाला वापरायची नाही, त्यासाठी एक जुनी वेगळी ठेवली होती. बोटं सुईपासून किती लांब हे सांगून कळत नाही म्हणून मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावली, हिच्या आत बोट नाही. दुसरी एक पट्टी सुईपासून एक सेंटीमीटरवर, ती मायेसाठी, कापडाची कड तिला लावून चालवायची. पोरं सुईकडं बघत शिवतात आणि वाकडं जातं, कडेकडं बघायला लावलं की सरळ जातं.

शेजारच्या मुलीनं विचारलं, हाताच्या सुईला भोक मागं आणि मशीनच्या सुईला टोकापाशी, असं का? मला उत्तर येत होतं, पण नुसतं सांगून उपयोग नव्हता. वरून लाल दोरा लावला, बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाला, निळा, खालचं झाकण उघडं ठेवून चाक हातानं सावकाश फिरवलं. मशीनची सुई कापडातून आरपार जातच नाही, टोक तेवढं खाली जाऊन परत वर येते. येताना दोऱ्याचा एक छोटा फास मागं राहतो, तो खालचा फिरता आकडा पकडतो आणि बॉबिनच्या आख्ख्या डबीवरून ओढून पलीकडं नेतो, म्हणजे निळा दोरा त्या फासातून गेला. मग वरून ओढ बसते आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांना अडकतात. भोक मागं असतं तर फास झालाच नसता. हे असं टोकाला भोक आणि दोन दोरे वापरणाऱ्या मशीनचं पेटंट एलियास हाऊ नावाच्या अमेरिकन माणसानं १८४६ मध्ये घेतलं. मागं भोक असलेल्या हाडाच्या सुया साधारण ४०,००० वर्षांपूर्वीच्याही सापडल्यात. भाचा म्हणाला, म्हणजे भोक मागून पुढं आणायला ४०,००० वर्षं लागली? म्हटलं तसंच काहीतरी. चाक फिरवायला धाकट्याला बसवलं होतं, तो "परत, परत" करत चाळीस वेळा तोच टाका बघत बसला.

त्याच दिवशी मशीन गुंतलं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं हे एवढं जाळं, वर सगळं व्यवस्थित. खाली गुंता म्हणून मी अर्धा तास बॉबिनशी झटापट केली, काढलं, साफ केलं, परत बसवलं, परत जाळं. आणि दोष वरच्या दोऱ्यात होता. फूट खाली असतानाच कुणीतरी वरचा दोरा ओवला होता. फूट वर असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या उघड्या असतात, दोरा मध्ये बसतो, फूट खाली असला की त्या मिटलेल्या, दोरा वरूनच निसटतो आणि ताण शून्य. जाळं खाली दिसलं की आधी वर बघायचं, हे मला माहीत असून मी अर्धा तास घालवला.

बटण मात्र सगळ्यांना यायलाच पाहिजे असं मी ठरवलं होतं. बटण आणि कापडाच्या मध्ये काडेपेटीची काडी ठेवायची, तिच्यावरून टाके घालायचे, मग काडी काढून त्या सैल दोऱ्यांभोवती तीन-चार वेढे द्यायचे, म्हणजे बटणाला मान तयार होते आणि काजात नीट बसतं. धाकट्यानं माझ्या शर्टाचं बटण लावलं ते हिरव्या दोऱ्यानं आणि पुढची-मागची दोन्ही कापडं एकत्र धरून, त्यामुळे तो शर्ट आता डोक्यातून घालावा लागतो.

भाचा परत गेला. जाताना डावी कात्री घेऊन गेला आणि परवा फोनवर सांगत होता की त्यानं स्वतःच्या पँटचा काठ दुमडून शिवलाय, एक पाय. दुसऱ्याचा कंटाळा आला. शेजारची मुलगी रविवारी येते. आणि मोठीला आता पाऊचला चेन लावायचीय.

इथं माझी पंचाईत आहे. चेन मला धड लावता येत नाही, कधीच आली नाही, आई लावायची आणि मी बघायचो. तिला म्हटलं रविवारी बसू. काल रात्री सगळे झोपल्यावर माझ्या जुन्या पँटची चेन उसवून बघितली, कशी लावलीय ते समजावं म्हणून. समजलं असं वाटतंय. परत बसवायला गेलो तर दोनदा उलटी बसली. पँट अजून मशीनवरच पडलीय.